साल

बुचाच्या ओकवर दोघांनीच जायचं असतं, एर्मेलिंदु,
एक कुऱ्हाड वर, एक खाली.
घाव सालीपुरता. आत गाभ्याला लागला
तर त्या जागी झाड पुन्हा साल धरत नाही.
हे तूच शिकवलंस मला, मी सोळाचा असताना.
आणि त्या जूनमध्ये फांदीवरून तू सुटलास तेव्हा
शिडी माझ्या हातात होती.
होती म्हणजे,
मी पाणी प्यायला वळलो होतो.

आवाज फार झाला नाही.
सोललेला सालपा जमिनीवर पडावा, तेवढाच.
वर बघत तू म्हणालास,
"झेफेरिनु, माझे बूट कुणी काढले?"
बूट पायातच होते.

त्या झाडावर मुकादमाने पांढऱ्या रंगात आकडा घातला: चार.
चार सालात सोललं, आता नऊ वर्षं हात लावायचा नाही.
उघडं खोड आधी पिवळं, मग गेरूसारखं लाल,
मग काळपट, मग पुन्हा जाड.
झाडाला जमतं.
मी दर रविवारी सायकल वळवून बघून यायचो, तुला सांगितलं नाही.

सहा वर्षांनी लिस्बनहून पत्र आलं.
डॉक्टर इझाउराने गोळ्यांच्या पाकिटावर रेघ ओढली,
मध्येच खोडली.
"कण्यातली दोरी तुटली की टोकं एकमेकांना शोधत नाहीत.
मध्ये वण बसतो, वण वाट देत नाही.
पण नाकात अगदी वर, जिथे वास कळतो,
तिथले तंतू जन्मभर मरतात, नवे येतात,
आणि काही पेशी त्या नव्यांना सोबत करून
मेंदूच्या दारापर्यंत पोचवतात.
त्या काढू, वाढवू, तुमच्या वणात सोडू.
तुम्ही चालाल, असं मी म्हणत नाही."
हे शेवटचं ती दोनदा म्हणाली.
तू एकदाच ऐकलंस. मी दोन्ही वेळा.

"आयुष्यभर नाकासमोर चाललो," तू हसलास,
"आता नाकाच्या जिवावर चालू."

नंतर वास गेला तुझा, काही महिने.
मी खिशातून बुचाचा तुकडा आणला होता,
नुकताच उकळलेला, कारखान्याच्या हौदातला,
ज्याच्या वासाने आपले शर्ट धुऊनही सुटत नसत.
तू डोळे मिटून हुंगलास, बराच वेळ.
"गरम आहे," म्हणालास.

मग कसरत. रोज पाच तास.
पट्ट्यांना टांगलेला तू, खाली सरकता पट्टा,
आणि तुझी पावलं एकेक उचलून ठेवणारी व्हालेरिया,
जिची स्वतःची पाठ दुखायची, आणि ती बोलायची नाही.
शेजारच्या तेल्मुला काहीच आलं नाही.
तेच डॉक्टर, त्याच पेशी, तेवढेच तास.
एका सकाळी त्याची खाट कोरी होती,
चादर ताठ ओढलेली.
तू दिवसभर जेवला नाहीस.

अकराव्या महिन्यात, एका गुरुवारी,
व्हालेरिया स्पंज पिळत होती.
डाव्या मांडीवर थेंब पडला
आणि तू न बघता म्हणालास, "ओलं."

इझाउराने सुया आणल्या, कापूस आणला,
तुझे डोळे बांधले, वीस वेळा विचारलं.
तेरा वेळा बरोबर.
तिने लिहून घेतलं, टाळी वाजवली नाही.
पेशींनी असेल, कसरतीने असेल,
एका माणसावरून सांगता येत नाही, म्हणाली.
मला ती बाई त्या दिवशी आवडली.

पाय अजून तुझं ऐकत नाहीत.
खुर्ची दाराच्या उंबऱ्याला अडते,
मी उंबरा तासून दिला, कुऱ्हाडीनेच,
पहिला घाव घालताना हात थरथरला.

पुढच्या जूनमध्ये नऊ भरतात.
त्या झाडाखाली तुला न्यायचं म्हणतोस.
वर कोण चढणार, ठरलेलं नाही.
मी शिडी धरीन.

काल फोनवर मध्येच थांबलास.
"अरे, इथे कुणीतरी संत्रं सोलतंय."
तुझ्या खोलीत तू एकटाच होतास.
मग खिडकीखालून बायकांचं बोलणं ऐकू आलं,
मलाही, इतक्या लांबून.